वसईचे दुभाषी, नागासाकीचे हुतात्मा: संत गोन्सालो गार्सिया

१/ ५ फेब्रुवारी १५९७. जपानमधील नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभारण्यात आले. त्यांपैकी एकावर वसईत जन्मलेले, सुमारे चाळीस वर्षांचे गोन्सालो गार्सिया होते. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. उत्तर कोकणातील हा माणूस तिथवर पोहोचला तो भाषेच्या बळावर.

२/ १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर सुमारे २२ वर्षांनी गोन्सालो जन्मले. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइट धर्मसंघाकडे शिक्षण झाले आणि १५७२ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, ते त्यांच्यासोबत जपानला गेले.

३/ तेथे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले आणि जपानी भाषेवर प्रभुत्व मिळवले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली. ते बाहेर पडले, व्यापारात उतरले, त्यात यशस्वीही झाले. पुढे मनिला येथे व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे धर्मबंधू म्हणून.

४/ जपानवर तेव्हा तोयोतोमी हिदेयोशीची सत्ता होती. मनिलाच्या स्पॅनिश सत्तेने आपले वर्चस्व मान्य करावे, अशी त्याची मागणी होती. उत्तरादाखल १५९३ मध्ये पेद्रो बौतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ निघाले. दुभाषी होते गोन्सालो.

५/ इतिहासात दूताचे नाव ठळक होते, दुभाष्याचे पुसट. परंतु जपानी भाषा आणि जपानी रीत जाणणारा माणूस सोबत नसता, तर या नवख्या फ्रान्सिस्कनांचे पाऊल तेथे टिकणे कठीण होते. त्यांना क्योतो येथे राहण्याची मुभा मिळाली. तेथे चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू झाली.

६/ ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावर फुटले. हिदेयोशीने त्यावरील माल जप्त केला. ‘आधी मिशनरी येतात, मागून सैन्य’ अशा अर्थाचे विधान जहाजावरील सुकाणूधराने केल्याचे सांगतात; त्याच्या खरेपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणाम मात्र निश्चित होता: अटकसत्र.

७/ ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतची शेकडो किलोमीटरची वाटचाल. अखेरीस क्रूसावर बांधून भाल्यांनी वध. २६ जणांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट आणि १७ सामान्य श्रद्धावंत होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते, त्याचेही तिघे त्यांच्यासोबत त्याच टेकडीवर गेले.

८/ १६२७ मध्ये या हुतात्म्यांना ‘धन्यवादित’ म्हणजे संतपदापूर्वीचा दर्जा मिळाला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. मृत्यूपासून २६५ वर्षे लोटली होती. वसई १७३९ मध्ये मराठ्यांकडे आणि पुढे इंग्रजांकडे गेली होती. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर अद्याप बंदीच होती.

९/ आज निशिझाकावरील स्मारकात २६ मूर्तींमध्ये त्यांची मूर्ती आहे. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास गावात चर्च आहे. वसईच्या किल्ल्यावर जाल तेव्हा तट, बुरूज आणि चिमाजी अप्पांचा विजय यांच्यासोबत या दुभाष्याचेही स्मरण ठेवा. सत्ताधीशांच्या इतिहासात भाषा जाणणारी माणसे मधोमध उभी असतात, आणि पुष्कळदा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो.