चिखलातला ठसा कोणाचा? पाणमांजर न दिसता कसं ओळखायचं?

पावसाळा सरला की पवना, वडिवळे, आंद्रा, वळवण या धरणांचं पाणी हळूहळू मागे सरकतं आणि काठावर ओल्या चिखलाची पट्टी उरते. रात्री पाण्यावर आलेल्या प्राण्यांचे ठसे त्यात उमटतात. मावळात अशा काठावर पाच बोटांचा ठसा दिसला, तर तो पाणमांजराचाच असेल का?

आधी नावाचा गोंधळ

पाणमांजराला ऊदही म्हणतात. झाडावर चढणारं उदमांजर मात्र वेगळा प्राणी आहे. त्यामुळे गावात कुणी ‘ऊद दिसला’ म्हणालं, तर ‘पाण्यात की झाडावर?’ हे आधी विचारा. भारतात पाणमांजरांच्या ३ जाती आहेत आणि तिन्ही पश्चिम घाटात आढळतात.

कोणत्या खुणा शोधायच्या?

- ठसा: कुत्रा, कोल्हा, रानमांजर यांच्या ठशात चार बोटं दिसतात. पाणमांजराची पाच बोटं पंख्यासारखी पसरलेली असतात. चिखल मऊ असेल तर बोटांमधला पडदाही उमटतो. मुंगूस आणि उदमांजरालाही पाच बोटं असतात, पण त्यांच्या ठशात असा पडदा नसतो.
- विष्ठा: पाणमांजर काठावरच्या ठरावीक खडकावर किंवा उंचवट्यावर पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतं. तिच्यात माशांचे खवले, काटे, खेकड्याचं कवच सापडतं आणि मासळीचा उग्र वास येतो. उदमांजराच्या विष्ठेत बऱ्याचदा फळांच्या बिया असतात.
- लोळण्याची जागा: पाण्याजवळच्या वाळूत किंवा गवतात अंग घासून कोरडं केल्याच्या खुणा.

एका खुणेवर विश्वास का नको?

मुंगूसही खेकडे खातं. त्यामुळे नुसतं कवच पुरावा ठरत नाही. ठसा, खवल्यांची विष्ठा आणि ती टाकण्याची ठरलेली जागा एकत्र सापडली, तरच अंदाज पक्का होतो.

नोंद का महत्त्वाची?

पाणमांजर सहसा माणसाची चाहूल लागताच पाण्यात शिरतं. दिसत नाही म्हणून ‘इथे काहीच नाही’ असं आपण धरून चालतो. काठावर तंबू, भराव किंवा बांधकाम येण्याआधी तिथे कोण राहतं हे या खुणाच सांगू शकतात.

खूण सापडली तर?

शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. तारीख आणि जागा लिहून ठेवा. विष्ठेला उघड्या हाताने शिवू नका, बिळाजवळ जाऊ नका. वन विभागाला १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पाणमांजराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे, तरी त्याची शिकार होते. म्हणून नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका.