एकतर्फी दप्तर आणि कुंकळ्ळीची कादंबरी

कुंकळ्ळीच्या १५८३ सालच्या उठावावर एक कादंबरी लिहावी, असा संकल्प आम्ही काही वर्षांपूर्वी केला. वकिली हा आमचा व्यवसाय. तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी कागद पाहावेत, हा आमचा स्वभाव. कागद पाहू लागलो आणि कादंबरी मागे पडली. ती का पडली, हे वाचकांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हकीकत. साष्टी प्रांत १५४३ साली विजापूरच्या आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला. १५६७ साली तेथील शेकडो देवळे पाडण्यात आली. दक्षिणेकडील कुंकळ्ळी, असोळणे, वेरोडे, वेळी आणि आंबेली ही गावे मात्र नमेनात. त्यांनी कर नाकारला आणि पाडलेली देवळे पुन्हा उभारली. तेव्हा त्यांच्यावर लष्करी स्वारी होऊन ती देवळेही जमीनदोस्त झाली. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहावयास पाच जेझुइट धर्मोपदेशक कुंकळ्ळीस आले. ग्रामस्थांनी त्यांस व त्यांच्या सोबतच्या अनेक ख्रिस्ती लोकांस ठार मारले. पुढे गावच्या नायकांस बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले. सोळा जण गेले. पंधरा तेथेच कापले गेले. एक नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते. गावांच्या जमिनी सरकारने जप्त केल्या.

गांवकर म्हणजे ज्या कुळांनी गाव वसविला, शेत काढले, देऊळ बांधले, त्यांचे वंशज. त्यांचे रीतिरिवाज पोर्तुगीज सत्तेस अज्ञात नव्हते. १५२६ साली आफोंसु मेशिया याने तिसवाडीच्या गांवकरीचे नियम ‘फोराल’ या सनदेत लिहून काढले होते. ज्या राजवटीने गांवकरीचा हक्क कागदावर मान्य केला, तिच्याच किल्ल्यात ५७ वर्षांनी साष्टीचे गांवकर विनाचौकशी मारले गेले. त्यांच्यावर आरोपपत्र नाही, त्यांची कैफियत नाही, निकालपत्रही नाही.

आमची पहिली अडचण येथेच उभी राहिली. मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांविषयी दप्तरात विपुल माहिती आहे. त्यांचे प्रमुख रोदोल्फो आक्वाव्हिवा अवघ्या बत्तीस वर्षांचे होते. फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी धर्मचर्चेत भाग घेऊन ते नुकतेच गोव्यास परतले होते. त्यांस कोठे कोणता घाव बसला, हेही लिहिलेले आहे. १८९३ साली रोमने त्या पाचांस धन्य घोषित केले. किल्ल्यातील पंधरा जणांच्या तोंडचा एक शब्दही त्या दप्तरात नाही.

रिकामी जागा दिसली की कादंबरीकाराचा हात शिवशिवतो. आम्हीही एका रात्रीत किल्ल्याचे प्रकरण लिहून काढले. नायकांच्या मुखी बाणेदार भाषणे घातली. सकाळी ते प्रकरण प्रतिपक्षाचे शपथपत्र वाचावे तसे वाचले, तेव्हा ध्यानात आले की, बोलत होतो ते आम्हीच. ज्यांस एकदा मुके करण्यात आले, त्यांच्या तोंडी आपले शब्द कोंबणे हाही दुसऱ्यांदा मुके करण्याचाच प्रकार. ते प्रकरण आम्ही फाडून टाकले.

मग उरले विरुद्ध बाजूचे दप्तर. ते आम्ही नव्याने वाचले. पाद्र्यांची पत्रे आणि फ्रान्सिस्को द सौझा यांचा १७१० साली लिस्बनमध्ये छापलेला ग्रंथ यांत देवळे कशी पाडली, तेथे गाय कशी मारली, हे संकोचावाचून सांगितलेले आहे. प्रतिपक्षाची कबुली ही सर्वांत बळकट साक्ष, हे आमच्या धंद्यातले पहिले सूत्र. गावकऱ्यांची तक्रार त्यांच्या वैऱ्यांनीच नोंदवून ठेवली होती! आम्हांस मोठा आनंद झाला.

तो फार वेळ टिकला नाही. त्याच वृत्तांतात दुसरीही एक गोष्ट आहे. कुंकळ्ळीचाच दोमिंगोस नावाचा एक मुलगा राशोलास शिकत असे. देवळे कोठे आहेत, हे त्याने पाद्र्यांस दाखविले होते. त्या दिवशी त्याच्या घरच्याच एका वडीलधाऱ्या माणसाने त्यास मारले. प्रार्थनेचे पुस्तक वाहणाऱ्या आल्फोंसो नावाच्या दुसऱ्या मुलाचे हात तोडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी तो मारला गेला. हे गाळावे, असा मोह आम्हांस झाला, हे कबूल केले पाहिजे. परंतु जो कागद आमच्या देवळांविषयी खरा, तोच त्या मुलांविषयी खोटा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मजकूर तपासावयाचा तर दोन्ही ठिकाणी एकाच मापाने तपासावा लागेल.

दप्तराबाहेरची एक साक्ष अद्याप जिवंत आहे. त्या संकटात श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्यास गेली. आजही छत्रोत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह ती आपल्या मूळ गावी येते. त्या गावच्या गांवकरांत आज हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. किल्ल्यात मेलेल्यांचे वंशज दोन्हीकडे आहेत. त्या मुलाचे नातलगही दोन्हीकडे असतील. आमची कादंबरी उद्या छापली गेलीच, तर ती या दोघांनाही वाचता यावी, याहून मोठी कसोटी आम्हांस सुचत नाही.

असो. आम्ही पुन्हा लिहावयास बसलो आहो. किल्ल्याचे प्रकरण अजून कोरेच आहे. पंधरा जण आत जातात आणि दार लागते, इतकेच तेथे लिहिले आहे. आरंभ मात्र बदलला आहे. आता कथा सुरू होते ती कुंकळ्ळीतील एका घरात, जेथे पानावर बसलेल्या मुलास घरचे वडीलधारे विचारीत आहेत, ‘‘राशोलास तुला काय शिकवितात रे?’’