दंतारोग्य, वऱ्हाडातील वृद्धांचे
अमरावती व अकोला जिल्ह्यांत ज्वारीची भाकरी हे पिढ्यानपिढ्यांचे अन्न. दात गेलेल्या वृद्धांना ताकातल्या कण्या किंवा वरणात कुस्करलेली भाकरी देत. दात पडणे हा वार्धक्याचा धर्मच समजला गेला. वस्तुतः ते बहुधा हिरड्यांच्या विकारांचे व दंतक्षयाचे फळ होय. कडुनिंबाच्या काडीबरोबर राखुंडीही वापरात होती. तिच्या भरड कणांनी दंतवल्क झिजते. तंबाखूची मशेरी त्याहून घातक, कारण तिने मुखकर्करोगाचा धोका वाढतो. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्ये झाला; नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय मात्र १९६८ मध्ये निघाले. कवळी बसविल्यावरही जबड्याचे हाड झिजत राहते; त्यामुळे ती सैल होते व काही वर्षांनी नवी करवून घ्यावी लागते.