ब्राम्स आणि क्लॅरिनेट

क्लॅरिनेट म्हटले की आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वरातीचा बँड उभा राहतो. सनईची जिव्हाळी दुपदरी, क्लॅरिनेटची एकेरी. एवढ्या भेदाने स्वराचा पोत किती पालटतो हे त्या गलबल्यात कोणाच्या ध्यानी यावे? पाश्चात्त्य 'चेंबर म्युझिक' हे मात्र दालनात, मोजक्या श्रोत्यांसमोर वाजविण्याचे संगीत. क्लॅरिनेट व पियानो या जोडीसाठी तेथे ज्या रचना झाल्या, त्यांत योहानेस ब्राम्स यांच्या दोन सोनाटांची जन्मकथा आम्हांस विशेष हृद्य वाटते.

१८९० साली ब्राम्स सत्तावन्न वर्षांचे होते. आमच्यासारख्या सरकारी नोकरांनी निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडावयाचे हे वय! त्यांनीही लेखणी खाली ठेवण्याचे ठरविले. इश्ल हे त्यांचे उन्हाळी मुक्कामाचे गाव. ते सोडताना फाडलेले पुष्कळ स्वरलेख आपण त्राउन नदीत टाकून दिले, असे त्यांनी आपल्या प्रकाशकास कळविले. पुढील वर्षी मे महिन्यात मृत्युपत्राचा मसुदाही केला.

परंतु त्याआधीच, मार्च १८९१ मध्ये, ते माइनिंगेन या लहानशा जर्मन संस्थानात गेले होते. तेथील ड्यूक दुसरे गेओर्ग मोठे रसिक. त्यांची नाटकमंडळी युरोपभर गाजलेली होती. (नाटकवेड्या मराठी माणसास हे संस्थान परके वाटू नये.) त्यांच्या दरबारी वाद्यमेळात रिखार्ट म्यूलफेल्ट नावाचे वादक होते. ते मूळचे व्हायोलिनवादक; क्लॅरिनेट त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केली होती. त्यांच्या तोंडून वेबर आणि मोत्सार्ट यांच्या रचना ऐकून ब्राम्स मोहून गेले. 'फ्रॉलाइन क्लॅरिनेट', म्हणजे 'कुमारी क्लॅरिनेट', असे लाडके नाव त्यांनी या दाढीमिशावाल्या गृहस्थास दिले!

त्याच उन्हाळ्यात इश्ल येथे क्लॅरिनेटसाठी एक त्रिवादन व एक पंचवादन सिद्ध झाले आणि १८९४ च्या उन्हाळ्यात एफ मायनर व ई फ्लॅट मेजर या दोन सोनाटा. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागे राहते. येथील पियानो तसा साथीला बसलेला नाही. पहिल्या सोनाटाचा प्रारंभ पियानो एकटाच करतो, क्लॅरिनेट मागाहून येते आणि मग दोघे एकमेकांचा शब्द उचलीत पुढे जातात. आवेशाचे बोल आहेत, पण आरडाओरड नाही. दुसरा सोनाटा अधिक मवाळ असून त्याचा शेवट एका सुरावटीच्या निरनिराळ्या रूपांनी होतो. आमचा ओढा या दुसऱ्याकडे अधिक, हे कबूल करतो.

सप्टेंबर १८९४ मध्ये बेर्खटेसगाडेन येथे ड्यूकपुढे दोघांनी त्या वाजविल्या. नोव्हेंबरात फ्रांकफुर्टला क्लारा शूमान यांच्यापुढे वादन झाले. १८५३ पासूनचा स्नेह. क्लाराबाई आता पंचाहत्तर वर्षांच्या, आणि एकेकाळच्या त्या थोर पियानोवादिकेचे कानही दगा देऊ लागलेले. ब्राम्स यांची प्रत्येक नवी रचना ज्यांच्या अभिप्रायाची वाट पाही, त्यांना या स्वरांतील कितीसे स्पष्ट ऐकू आले असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

जानेवारी १८९५ मध्ये व्हिएन्नात जाहीर वादन झाले. पियानोवर स्वतः ब्राम्सच होते. क्लाराबाई १८९६ च्या मे महिन्यात निवर्तल्या, ब्राम्स ३ एप्रिल १८९७ रोजी. या सोनाटांनंतर त्यांनी चेंबर म्युझिकची एकही नवी रचना केली नाही. म्यूलफेल्ट पुढे १९०७ साली वारले. त्यांची क्लॅरिनेट माइनिंगेनच्या संग्रहालयात जतन केलेली आहे.