सेवाग्रामची पहिली आरोग्यमंत्री : राजकुमारी अमृत कौर

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण गांधीजी, विनोबा आणि जमनालाल बजाज या तीन नावांवर थांबतो. याच जिल्ह्यातल्या एका लहानशा खेड्याच्या मुशीतून देशाच्या दोन केंद्रीय आरोग्यमंत्री घडल्या, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पहिल्या राजकुमारी अमृत कौर, १९४७ ते १९५७. दुसऱ्या डॉ. सुशीला नय्यर, १९६२ ते १९६७. त्यातही अमृत कौर यांची कारकीर्द सलग दहा वर्षांची. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातील त्या एकमेव स्त्री. एवढे असूनही मराठीत त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे, म्हणून हा प्रपंच.

अमृत कौर यांचा जन्म लखनौचा, घराणे कपूरथळ्याचे. वडील राजा हरनामसिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. मुलीचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. परत आल्यावर त्या स्त्रियांच्या चळवळीत पडल्या. १९२७ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या संस्थापकांपैकी एक. पडदा, बालविवाह, देवदासी या प्रथांविरुद्ध त्या बोलत राहिल्या. पुढे गांधीजींच्या सचिव म्हणून त्यांनी सुमारे सोळा वर्षे काम केले आणि सिमल्याच्या हवेलीत वाढलेली ही बाई सेवाग्रामच्या कुडाच्या झोपड्यांत राहू लागली.

त्या काळचे सेवाग्राम म्हणजे रोगराईचे गाव. तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडले. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला आले आणि त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडून त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. त्याच साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगी विद्वान आश्रमात राहत आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. देशाच्या भावी आरोग्यमंत्र्यांची शाळा ही अशी होती. आरोग्य म्हणजे केवळ औषध नव्हे, तर पाणी, संडास, दाई आणि समाजाने वाळीत टाकलेला माणूस, हे त्या याच मातीत शिकल्या.

संविधान सभेवर त्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेल्या, म्हणजे आपल्याच भागाच्या प्रतिनिधी म्हणून. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत त्यांनी घेतलेली भूमिका आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. धर्माच्या 'आचरणा'चे स्वातंत्र्य निरपवाद ठेवले तर बालविवाह, बहुपत्नीत्व, वारसाहक्कातील विषमता, देवदासी या प्रथांविरुद्धचे कायदेच अडचणीत येतील, असा आक्षेप त्यांनी १९४७ मध्येच नोंदवला. हा इशारा कोणा एका धर्माला नव्हता, सर्वांनाच होता. पंचविसाव्या कलमात सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याची मोकळीक राज्याला मिळाली, त्यामागे हा आग्रह होता. समान नागरी कायद्याच्या बाबतीतही हंसा मेहता आणि मिनू मसानी यांच्यासोबत त्यांनी भिन्नमत नोंदवले. ते मान्य झाले नाही आणि विषय मार्गदर्शक तत्त्वांत गेला.

या मताशी आज कोणी सहमत होईल, कोणी होणार नाही. पण ते एका अल्पसंख्य समाजातील स्त्रीने मांडले होते, बहुसंख्याकांच्या दडपणाखाली नव्हे आणि कोणाला हिणवण्यासाठीही नव्हे. पुढे १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हा त्यांचाही प्रश्न हाच होता : धर्माच्या नावाखाली स्त्रीने किती सोसायचे?

ऑगस्ट १९४७ मध्ये आरोग्य खाते हाती आले ते फाळणीच्या आगीत. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात भेदरलेले मुसलमान दाटीवाटीने बसले होते, तर पंजाबातून हिंदू-शीख निर्वासितांचे लोंढे येत होते. पटकी आणि देवी कोणाचा धर्म विचारत नव्हत्या. खात्याची पहिली कसोटी या छावण्यांतच लागली.

त्यानंतरची दहा वर्षे साथीच्या रोगांशी झुंजण्यात गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख लोक त्याने दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला; गावोगावी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. क्षयासाठी बीसीजी लशीची मोहीम निघाली. तिला मद्रासकडे कडाडून विरोध झाला आणि विरोधकांत राजाजींसारखी व्यक्ती होती, पण अमृत कौर हटल्या नाहीत. कुष्ठरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ चा. त्याआधीच, १९५१ मध्ये, वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले होते. डॉ. वर्देकरांनी तेथे घरोघर पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. १९५० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. न्यूझीलंडची मदत त्यांनी मिळवली, १९५६ मध्ये संसदेत विधेयक मांडले, संस्थेला स्वायत्तता दिली आणि तेथील डॉक्टरांना खासगी व्यवसायाची मनाई ठेवली. सिमल्याचे आपले घरही त्यांनी याच संस्थेला देऊन टाकले.

पण त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना गांधीजींप्रमाणेच त्यांचा विरोध होता. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला खरा, पण मंत्र्यांचा भर 'सुरक्षित काळ' पाळण्याच्या पद्धतीवर राहिला. वर्षाआड बाळंतपणाने खंगणाऱ्या स्त्रीच्या हाती तिने फारसे काही पडले नाही. स्त्रियांसाठी आयुष्यभर झटलेल्या बाईंकडून हे व्हावे, याची खंत वाटते. दुसरा आक्षेप असा की, सेवाग्राममध्ये शिकलेल्या मंत्र्यांचे सर्वांत मोठे स्मारक दिल्लीत उभे राहिले. खेड्यांत १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, पण त्यांत बसायला डॉक्टर मिळेनात.

हे अपुरे काम पुढे डॉ. सुशीला नय्यर यांनी हाती घेतले. मंत्रिपद गेल्यावर त्या सेवाग्रामला परतल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी कस्तुरबा रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे विद्यार्थ्याला शिक्षणाच्या सुरुवातीलाच आश्रमात राहावे लागते आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी म्हणून ज्वारी देऊन उपचाराची हमी मिळवली, तीही याच रुग्णालयात.

अमृत कौर १९५७ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडल्या आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या. दिल्लीच्या संस्थेच्या दारात आजही विदर्भापासून बिहारपर्यंतचे गरीब रुग्ण फुटपाथवर रात्र काढताना दिसतात. गरिबाला उत्तम उपचार मिळावेत हा राजकुमारींचा हेतू त्या गर्दीत खरा ठरलेला दिसतो. आणि ते उपचार गावाजवळ मिळावेत ही सेवाग्रामची शिकवण किती उरली आहे, तेही तेथेच दिसते.