उत्तर कोकणची सरहद्द : काल्हेरच्या खाडीकांठचा विचार

भिवंडी तालुक्यांतील काल्हेर हें गांव उल्हास नदीच्या, म्हणजेच वसईच्या खाडीच्या, कांठीं आहे. समोरचा किनारा साष्टीचा. एका अंगास कल्याण-भिवंडी, दुसऱ्या अंगास ठाणें आणि खाडीच्या मुखाशीं वसई. इ. स. १५३४ पासून १८१७ पर्यंत, मधला पस्तीस वर्षांचा अवकाश वगळतां, दोन राज्यांची सरहद्द या पाण्याच्या आसपास राहिली. या मुदतींत हा मुलूख अनेकांनीं घेतला. परंतु मुलूख घेणें आणि त्या मुलुखाचें राज्य होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कशी घडली हें समजण्यास येथील वसाहतीपासून आरंभ केला पाहिजे.

वसाहतीविषयीं दोन प्रकारचीं साधनें आहेत. पहिलें कोरीव लेखांचें. शिलाहार राजा अपराजित याचा भादाणें येथील गांवाच्या दानाचा ताम्रपट शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७, चा आहे. भिवंडीजवळील लोनाड येथील लोणादित्य देवाच्या पूजेअर्चेकरितां हें दान झालें. यावरून हजार वर्षांपूर्वीं या टापूंत गांवें, देवालयें आणि त्यांच्या उत्पन्नाची व्यवस्था स्थिर झाली होती, हें निर्विवाद ठरतें. दुसरें साधन महिकावतीची बखर. कै. राजवाडे यांनीं ती १९२४ सालीं प्रसिद्ध केली. बिंब राजाबरोबर सहासष्ट कुळें आलीं व त्यांनीं उत्तर कोकण वसविलें, असें ती सांगते. बखरींतील शक व राजांचा क्रम कोरीव लेखांशीं जुळत नाहीं. कारण यादव महादेवानें इ. स. १२६५ च्या सुमारास शिलाहार सोमेश्वराचा पाडाव करीपर्यंत येथें शिलाहारांचा अंमल होता. तथापि तेवढ्यावरून बखर टाकाऊ ठरत नाहीं. राजांच्या कालक्रमासाठीं लेख प्रमाण मानावे. आणि कुळें, वृत्ति व गांवें यांच्या वांटणीची लोकांनीं जपलेली स्मृति म्हणून बखर वाचावी, असें आम्हांस वाटतें.

खाडीकांठीं वस्ती करणें म्हणजे केवळ रान तोडणें नव्हे. भरतीचें पाणी अडविण्यास बांध घालावा लागे. आंतलें पावसाचें पाणी ओहोटीस सोडण्याकरितां उघाडी ठेवावी लागे. कांहीं पावसाळे जमीन धुतली गेली म्हणजे मग तेथें खारें भात पिके. अशा खाजणाची खार एका वर्षांत होत नाहीं. उलट एका उधाणांत बांध फुटला आणि तो वेळेवर सावरला नाहीं, तर अनेक वर्षांची मेहनत मिठास मिळते. उत्तर कोकणांतील शिलोत्री वतनाचें मूळ यांतच आहे: ज्यानें बांध घालून जमीन काढिली त्याचा तीवर हक्क, आणि बांध राखण्याचा बोजाही त्याचाच. म्हणून येथील रयतेस सरकार कोणतें यापेक्षां तें बांधाचा हक्क मानतें कीं नाहीं, हा प्रश्न जवळचा होता.

डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. साष्टी त्यांतच गेली. कल्याण-भिवंडी मात्र निजामशाहींत राहिली आणि १६३६ च्या तहानंतर विजापुराकडे आली. पोर्तुगीजांचा कांहीं मुलूख मुख्य भूमीवरही असल्यामुळें ही सरहद्द म्हणजे एक सरळ रेघ नव्हती. ऑक्टोबर १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली. लगेच १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत भिवंडी, कल्याण व पनवेल येथें त्यांचीं लढाऊ गलबतें बांधलीं जात असल्याची चिंता उमटली आहे. परंतु १६६१ मध्यें मोंगलांनीं कल्याण घेतलें. पुढें तें पुन्हा मराठ्यांकडे आलें, संभाजीमहाराजांच्या वधाच्या सुमारास पुन्हा मोंगलांकडे गेलें, आणि १७१९-२० च्या सुमारास रामचंद्र महादेव चासकर यांनीं तें पुन्हा घेतलें. साठ वर्षांत इतके फेर झाले, यावरूनच ठाणीं बसविल्यानें राज्य बसत नाहीं हें दिसून येतें.

राज्य बसण्याची खरी हकीकत वसईच्या मोहिमेंत आहे. साष्टींतील हिंदु रयतेस धर्मकार्याची बंदी व जाच होता. तेथील वतनदार खाडीपलीकडे आश्रय पाहूं लागले. मालाडचे सरदेसाई अंतोजी रघुनाथ कावळे आणि भिवंडी तालुक्यांतील अंजूरचे गंगाजी नाईक हीं त्यांतील ठळक नांवें. साष्टीची बखर गंगाजी नाइकांस व त्यांच्या बंधूंस मोहिमेचे प्रवर्तक ठरविते. ती नाइकांच्या बाजूनें लिहिलेली असल्यामुळें तिचा प्रत्येक शब्द प्रमाण मानतां येणार नाहीं. पण पेशवे दप्तरांतील समकालीन पत्रें, ज्यांचा सोळावा खंड या मोहिमेसच वाहिलेला आहे, तिच्याशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एवढें स्पष्ट होतें, कीं खाडीच्या वाटा व गांवकऱ्यांचा कल जाणणाऱ्या स्थानिक माणसांवांचून मार्च १७३७ मध्यें ठाणें इतक्या त्वरेनें पडलें नसतें. तेथील कोट तेव्हां पुरा बांधूनही झाला नव्हता. मे १७३९ मध्यें वसई चिमाजी आप्पांच्या हातीं आली, आणि दोनशें वर्षांची सरहद्द नाहींशी झाली.

त्यानंतरचें काम तरवारीचें नव्हे, कौलाचें होतें. उजाड जमीन लावणाऱ्यास प्रथम हलका सारा व मग इस्ताव्यानें चढता, ही पेशवाईंतील रूढ रीत होती. रामाजी महादेव बिवलकर यांच्यासारख्या सुभेदारांच्या कारकीर्दींत खाडीचे दोन्ही कांठ एका कारभाराखालीं आले. हीच आमच्या मतें राज्य होण्याची खूण.

ती फार दिवस टिकली नाहीं. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई व कल्याण मराठ्यांस परत मिळालें. साष्टी मिळाली नाहीं. खाडी पुन्हा सरहद्द झाली. अखेर जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें उत्तर कोकण इंग्रजांकडे जाऊन ती मिटली, आणि १ मे १९६० रोजीं दोन्ही कांठ महाराष्ट्र राज्यांत आले. सरहद्द तहांनीं हलली. बांध मात्र त्याच कुळांनीं राखले.

आज काल्हेर, पूर्णा, दापोडें, माणकोली या पट्ट्यांत गोदामांची दाटी झाली आहे. खारी बुजत आहेत आणि बांधांचीं नांवें लोकांच्या तोंडून जात आहेत. घराचें रूप पालटतें तेव्हां माळ्यावरचा रुमाल प्रथम बाहेर जातो. संग्राहकांस आमची विनंति आहे, कीं मोर्तबाचें पत्र तेवढें उचलून हिशेबाचे बंद टाकून देऊं नयेत. मोर्तबाचें पत्र मुलूख कोणी घेतला तें सांगेल. बांधदुरुस्तीचा हिशेब, कौलाची नक्कल आणि गांवची जमाबंदी तेथें राज्य कसें झालें तें सांगतील. दप्तर न फोडतां, कोणत्या गांवीं व कोणत्या घरीं मिळालें त्याच्या टिपणासह, जसेंच्या तसें राखावें. कागदांचा मूळ अनुक्रम हाही एक पुरावाच आहे, आणि तो एकदां मोडला म्हणजे पुन्हा जुळवितां येत नाहीं.