आधी जाते, मग ओवी

जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत क्रम मोठा लक्षात घेण्याजोगा आहे. ओवी सुचली म्हणून बाई जात्यावर बसत नाही. आधी ती बसते, खुंटा हाती धरते, आणि मग शब्द येतात. थोरामोठ्या लेखकांचेही असेच असते का? चला, आपल्या नगर जिल्ह्यातच शोधू या.

नेवाशाचा 'पैस' खांब आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ग्रंथ पुरा झाला. नेवाशाला देवळात पुजला जातो तो हा टेकायचा खांब. टेकण्याची जागा लोकांनी इतकी मोलाची मानली!

आता नगर शहरातल्या भुईकोट किल्ल्यात येऊ. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा पुढाऱ्यांना इथे आणून कोंडले. त्यांत पंडित नेहरू होते. त्यांनी हाती घेतली ती कुदळ. आवारात बाग करायची म्हणून ते उन्हातान्हात खणत. जमीन दगडगोट्यांची, खणता खणता जुन्या बांधकामाचे अवशेष लागत. वीस महिने असे गेले. मग एप्रिल १९४४ मध्ये कुदळ ठेवून त्यांनी लेखणी उचलली आणि सप्टेंबरपर्यंत, पाच महिन्यांत, 'भारताचा शोध' हा ग्रंथ लिहून काढला. आधी माती उकरली, मग इतिहास!

त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद होते. त्यांची तऱ्हा वेगळी. पहाटे तीन-चारच्या सुमारास, सगळे झोपेत असताना, ते उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करीत. चहा चिनी, मोगऱ्याच्या वासाचा. त्यात दूध घालणे म्हणजे त्यांच्या मते चहाचा सत्यानाश. घोट घोट घेत ते आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. गंमत अशी, की ही पत्रे टपालात पडतच नव्हती. कैदेतून ती पाठवता येत नव्हती. तरी पहाट झाली की चहा आणि पत्र ठरलेले. १९४६ साली ही पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली, आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

आपण म्हणाल, हे सारे हौशीचे झाले. त्यात विशेष काय? विशेष पुढेच आहे. १९४३ च्या प्रारंभी मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला फार आजारी झाल्या. सरकारकडे काही मागणे असेल तर कळवा, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी साफ नकार दिला. मात्र मन आतून हलले होते. दुपारी वर्तमानपत्र यायचे, त्यात आजाराची बातमी असायची. मौलाना दाराकडे पाठ करून बसत. माणूस आत आला की हसून खुणेने सांगत, 'ठेवा टेबलावर', आणि जणू काही घाई नाही अशा बेताने पुन्हा लिहू लागत. हे सोंग होते, अशी कबुली त्यांनी स्वतःच पत्रात दिली आहे. ९ एप्रिलला पत्नीच्या मृत्यूची तार आली. त्यांची भेट झालीच नाही.

म्हणजे बघा, नित्यक्रमाने दुःख काही हटले नाही. पण ज्या दिवसांत माणूस कोलमडावा, त्या दिवसांत ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि हातातली लेखणी यांनी त्याला बसते ठेवले.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवावेसे वाटते. मुलांना निबंध सांगताना नुसता विषय देऊ नका; वेळ आणि जागाही ठरवून द्या. ओट्याचा कोपरा असो, गोठ्याची पडवी असो, रोज तिथेच अर्धा तास बसायचे. पहिले चार दिवस पाटी कोरी राहील. राहू द्या. जाते फिरू लागले की दाणे पडायला थोडा वेळ लागतोच.